रुमालाखालची बोटं

"सांगा," पद्मा म्हणाली.

स्वयंपाकघरात मी पाटावर बसलो होतो. उजवा हात पुढे, त्याच्यावर तिचा चपात्या गुंडाळायचा पंचा आणि पंच्याखाली तिची बोटं. सकाळचे सात वाजले होते.

"सात," मी म्हणालो.

"बरोबर. आता?"

"तीन."

"बरोबर."

असं दहा वेळा झालं. शेवटी तिनं पंचा काढून घडी घातली आणि दहापैकी नऊ बरोबर आल्याचं सांगितलं. शाळेतसुद्धा मला दहापैकी नऊ कधी मिळाले नव्हते, असं मी म्हणालो. ती हसली नाही. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून तिनं माझ्या शर्टाची बटणं लावायला घेतली, कारण ती मला लावता येत नव्हती.

त्या दिवसाला आता पंधरा वर्षं होतील. तेव्हा आमच्या पेठेत हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे. माल आणलेला शेतकरी एका बाजूला, खरेदीदार दुसऱ्या बाजूला आणि मधे अडत दुकानाचा माणूस. गुरुपादशेटांच्या दुकानाचा तो माणूस म्हणजे मी, बाळगोंडा मगदूम. पेठेत मला सगळे अण्णा म्हणायचे. हमाल पोतं फोडून हळकुंडं जमिनीवर ओतायचे, खरेदीदार ती मोडून आतला रंग बघायचे आणि मग एकेक जण माझ्यापुढे येऊन रुमालाखाली हात घालायचा. हजार किती ते सगळ्यांना ठाऊक असायचं, बोटांनी सांगायचे ते फक्त शेकडे. एक बोट दाबलं की शंभर, दोन बोटं की दोनशे. सगळा पंजा धरला की पाचशे. पंजा धरून सोडला आणि मग तीन बोटं दाबली की आठशे. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. दहा-अकरा जणांचे भाव डोक्यात ठेवून शेवटी मी सगळ्यांत वरचा भाव आणि तो देणाऱ्याचं नाव पुकारायचो. एकदा पुकारलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदल नाही.

तोवर बावीस वर्षं मी हे काम केलं होतं आणि एकदाही चुकलो नव्हतो. माझ्या रुमालाखाली हात घालताना खरेदीदार निर्धास्त असायचे. मला त्याचा गर्व होता, तो मी लपवतही नसे. दुसऱ्या दुकानांची माणसं चुकली की मी हसायचो.

दिवाळीच्या आधी पोट दुखायला लागलं आणि तपासण्यांत आतड्याचा कॅन्सर निघाला. मिरजेत ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी एक सलाइन आणि त्यानंतर चौदा दिवस गोळ्या, असे आठ डोस घ्यायचे ठरले. एकेका डोसाला साडेसतरा हजार लागायचे. पेठेतल्या नोकरीला ना फंड, ना रजा, ना विमा. काम केलं तर पैसे. शेटनी दोन महिने निम्मा पगार दिला, तेवढेही कुणी देत नाही. दोन गुंठ्यांचा प्लॉट होता तो ऑपरेशनमध्ये गेला. पद्मा मुलींच्या एका वसतिगृहात चपात्या लाटायला जायला लागली. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तिच्या कमाईचं तेल घरात आलं आणि ते खाताना मला लाज वाटायची. ती लाज बिनकामाची होती हे आज कळतं, पण तेव्हा मी तिच्याशी नीट बोलतही नव्हतो.

पेठेत मी हर्नियाचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं होतं. त्याला कारण होतं. आमच्याच ओळीत शांतिनाथ कुंभोजे म्हणून माझ्यासारखाच सौदे घेणारा एक जण होता. त्याच्या हातावर पांढरे डाग उठले. ते लागट नसतात, हे त्यानं डॉक्टरची चिठ्ठी दाखवून सगळ्यांना सांगितलं. खरेदीदारांनी चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि त्याच्या रुमालाखाली हात घालायचं बंद केलं. वर्षाच्या आत कुंभोजे गोदामात पोती शिवायला बसला. कॅन्सर कुणाला लागत नाही हे मलाही ठाऊक होतं, पण पेठ डॉक्टरांचं ऐकत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिलो.

केस गेले नाहीत, त्यामुळे लपवणं सोपं गेलं. गेलं ते दुसरंच. तिसऱ्या डोसानंतर बोटांना मुंग्या यायला लागल्या. गार पाण्यात हात घातला की सुया टोचायच्या. चौथ्या डोसानंतर मुंग्याही थांबल्या. दात काढताना सुई दिल्यावर ओठ होतो ना, तशी माझी दहाही बोटं झाली. नाणं आहे की बटण, काही कळेना; गारवा मात्र आतून टोचायचाच. डॉक्टरांनी विचारलं होतं, बटणं लावता येतात का, चप्पल पायातून निसटते का. मी सांगितलं, सगळं ठीक आहे. त्रास फार असेल तर औषध कमी करू, असं ते म्हणाले होते आणि औषध कमी केलं तर आजार उलटेल ही मला भीती. काम काय करता, असंही त्यांनी विचारलं. दुकानात कारकून आहे म्हणालो. बोटांवर पोट असलेला माणूस त्यांच्यासमोर बसलाय, हे त्यांना कळलंच नाही.

होळी झाली की पेठेत मालाची रीघ लागते. गुरुपादशेट घरी येऊन बसले, चहा घेतला आणि जाताना उंबऱ्यात म्हणाले, "बाळगोंडा, सोमवारी येतोस का? न्हाईतर मला दुसरा हात बघाय लागंल. माझा नाइलाज हाय बाबा." त्यांचं खोटं नव्हतं. सीझनच्या दोन महिन्यांत त्यांची वर्षाची कमाई व्हायची. पाच महिने त्यांनी दुसऱ्या दुकानाचा माणूस उसना घेऊन भागवलं होतं. सोमवारी येतो म्हणालो. अजून तीन डोस बाकी होते आणि घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे काम गेलं तर औषधही जाणार, इतकी सरळ गोष्ट होती. त्या रात्रीपासून पद्मा मला पंच्याखाली बोटं शिकवायला लागली.

सोमवारी पेठेत पाय टाकला तर सगळ्यांनी आस्थेनं चौकशी केली. कुणी म्हणालं अण्णा वाळलास, कुणी म्हणालं हर्निया काढलाय का पोटच काढून ठेवलंय. दस्तगीर मुल्ला बर्फ घातलेला उसाचा रस घेऊन आला. हा मिरजेचा, राजकोटच्या एका पेढीसाठी हळद खरेदी करणारा नोकर माणूस. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. अठरा वर्षं त्यानं माझ्या रुमालाखाली हात घातला होता, पण आमचं घरी येणंजाणं नव्हतं, पेठेत असं फारसं नसतंच. एकमेकांच्या बायकांची नावं माहीत नव्हती, पण त्याचा हात मी झोपेतही ओळखला असता. करंगळी जरा वाकडी, तळव्याला कायम घाम. रसाचा गार पेला हातात धरवणार नाही म्हणून मी नको म्हणालो. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. मी काही सांगितलं नाही.

पहिले तीन सौदे निभावले. खरं सांगायचं तर बोटांना जेमतेम कळत होतं, बाकी सगळं अंदाजानं. कोणता खरेदीदार कुठवर जातो, कुणाला माल हवाय, कुणी नुसता हात घालायचा म्हणून घालतोय, हे बावीस वर्षांत पाठ झालं होतं. शिवाय समोरच्याच्या मनगटाच्या वरची शीर हलते, ती मी बघत होतो. तीन सौदे झाले तेव्हा मला वाटलं, जमतंय. मी खुशीत आलो होतो.

चौथा माल निवृत्ती मोहिते नावाच्या शेतकऱ्याचा होता. दोनशे पोती, अंदाजे एकशे वीस क्विंटल, लांबसडक राजापुरी हळद. हजार आठ हे सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा जणांनी भाव दिले. चारशेपर्यंत भाव गेल्याचं माझ्या ध्यानात होतं. शेवटचा दस्तगीर. त्यानं हात घातला. पंजा धरल्यासारखं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं, मग तीन बोटं. वाटलं म्हणतो, कारण खात्री नव्हती. पण त्याची पेढी श्रीमंत होती आणि राजापुरीला तो नेहमीच चढा भाव द्यायचा.

"दस्तगीर मुल्ला, आठ हजार आठशे," मी पुकारलं.

खरेदीदारांत कुजबुज झाली. ज्यांनी तीनशे-चारशे दिले होते, त्यांना आठशे म्हणजे उडीच होती. निवृत्ती मोहित्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून छातीशी धरलं. दस्तगीर माझ्याजवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "अण्णा, म्या आठ तीनशे दिल्ते."

मला तेव्हाच कळलं. त्याचा तळवा घामानं निसटला असणार, त्यानं हात सावरून पुन्हा धरला असणार आणि मग तीन बोटं दिली असणार. हात सावरणं आणि पंजा देणं यांत फरक असतो. असे सावरलेले हात मी हजारो वेळा ओळखले होते. हा मला ओळखता आला नव्हता. त्या एका क्षणात मी सांगू शकलो असतो, माझी चूक झाली म्हणून. लोक हसले असते, सौदा परत झाला असता. पण मग शेटनी विचारलं असतं, बाळगोंडा, तुझा हात कसा चुकला? आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं.

"माझ्या हातात आठशे आलेत," मी म्हणालो.

पंचांकडे गेलो. व्यापारी संघाच्या खोलीत आवटीशेट बसायचे, पेठेतले सगळ्यांत जुने. आमच्याकडची रीत अशी की सौद्याचा वाद निघाला तर त्याच मालातली हळकुंडं ताटात ओतून त्यांच्यावर हात ठेवून दोघांनी बोलायचं. रुमालाखाली साक्षीदार नसतो, म्हणून ही रीत. हळकुंडांवर हात ठेवून खोटं बोलणारा पेठेत पुन्हा उभा राहत नाही, असं जुनी माणसं सांगायची.

दस्तगीरनं हात ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. हाताला घाम होता, निसटला, पुन्हा धरला, मग तीन बोटं दिली. मग माझी पाळी आली. मी हात ठेवला. हळकुंडं हाताला लागली नाहीत. हात ताटात टेकलाय हे मला डोळ्यांनी बघूनच कळलं.

आवटीशेट म्हणाले, "बाळगोंडा, हात सावरला का पंजा दिला, हे तुला कळत न्हाई असं कसं हुईल? नीट आठव."

त्यांनी मला वाट करून दिली होती. आजही मला तो आवाज ऐकू येतो आणि मी स्वतःवर चिडतो.

"पंजा दिला, सोडला, मग तीन," मी म्हणालो. "आठशेच."

दस्तगीर माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, पण तो गोंधळला होता. आपल्याच हाताकडे त्यानं एकदा उलटसुलट करून बघितलं. मग आवटीशेटना म्हणाला, "बावीस वर्सांत अण्णांचा हात चुकला न्हाई. माझंच बोट चुकलं आसंल. लिवा आठ आठशे."

माझ्या नावावर विश्वास ठेवून त्यानं स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला. मी तिथं उभा राहून ते होऊ दिलं.

घरी आल्यावर मी पद्माला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. सकाळी नऊ बरोबर आले नव्हते, असं ती म्हणाली. दहापैकी चार आले होते. त्याच्या आदल्या दिवशी पाच. मी तिच्यावर ओरडलो, आधी का नाही सांगितलं म्हणून.

"काय सांगायचं हुतं तुमास्नी?" ती म्हणाली. "घरात बसा म्हणायचं? मग औषध कुठनं आणायचं, तेबी सांगा."

खरं म्हणजे मलाही ते ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या "बरोबर"ला दर वेळी किंचित उशीर व्हायचा, तो मला ऐकू येत होता. मला नऊच हवे होते, तिनं मला नऊ दिले.

क्विंटलमागे पाचशे जास्त, म्हणजे राजकोटच्या पेढीला साठ हजारांचा फटका. पेढीनं फोनवर विचारपूस केली आणि दस्तगीरला खरेदीवरून काढून टाकलं. अठरा वर्षांचा नोकर, पण त्यालाही माझ्यासारखाच ना फंड ना नोटीस. चौथ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस आला. मला हे चहाच्या गाड्यावर कळलं. हातातला कप मी खाली ठेवला, कारण तो सांडतोय हे शेजारच्यानं सांगितलं.

इकडे आमच्या दुकानाची भरभराट झाली. निवृत्ती मोहित्याला आठ आठशे मिळाल्याची बातमी गावोगाव गेली आणि गुरुपादशेटकडे भाव चांगला निघतो म्हणून गाड्या आमच्याच दारात लागायला लागल्या. शेटनी मला पूर्ण पगार चालू केला आणि वर पंचवीस हजार उचल दिली. सहावा डोस त्याच उचलीतून झाला. नळीतून औषध थेंबथेंब अंगात जात होतं आणि मी दस्तगीरच्या घरात आज काय शिजलं असेल याचा विचार करत होतो. तो विचार मी पुढे ढकलायचो. आठ डोस होऊ देत, मग सांगू, असं म्हणायचो. शेतकऱ्यानं पैसे नेलेत, आता सांगून कुणाचं भलं होणार, असंही म्हणायचो. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कारणं कमी पडत नाहीत.

पुढचे सौदे मी कसे घेतले, हे सांगायला हवं. दस्तगीरचं काय झालं ते पेठेनं बघितलं होतं. त्यामुळे सगळे खरेदीदार घाबरून आधी तळवा धोतराला पुसायचे, मग एकेक बोट सावकाश, करकचून दाबायचे, पंजा आणि बोटं यांच्यामधे थांबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी मान हलवली की मगच हात काढायचे. इतक्या जोरानं दाबलेलं मला हाडात कळायचं. त्यांच्या या भीतीवर माझी नोकरी टिकली. पुढे बोटंही थोडीफार परत आली आणि उघड लिलाव सुरू होईपर्यंत आणखी सात वर्षं मी सौदे घेतले. कुणालाही कधी संशय आला नाही. दस्तगीर मात्र त्यानंतर आमच्या पेठेत दिसला नाही.

तो माझ्या घरी आला एकदाच.

सहाव्या डोसानंतरचा तिसरा दिवस होता. शेटना ताप आल्याचं कळवून मी घरी पडून होतो. भर दुपारची वेळ, बाहेर एप्रिलचं ऊन. तरी मी गळ्यापर्यंत जाड चादर ओढली होती, कारण पंख्याचा वारासुद्धा बोटांना सोसत नव्हता. पद्मा वसतिगृहात गेली होती. दार लोटलेलं होतं. दस्तगीर चपला बाहेर काढून आत आला आणि कॉटजवळ स्टूल ओढून बसला. खिशातून त्यानं खजुराची पुडी काढून उशाशी ठेवली.

मला वाटलं, आला. अठरा दिवस मी या क्षणाची वाट बघत होतो.

पण तो सौद्याबद्दल काही बोलला नाही. त्याची मेहुणी हॉस्पिटलमध्ये आया आहे, तिच्याकडून त्याला आजाराचं कळलं होतं. "हर्निया हर्निया म्हनून आमास्नी फसीवलं व्हय," तो म्हणाला. रागानं नाही. मोठ्या आजारात माणसानं एकटं राहू नये, असं काहीसं म्हणाला. त्याच्या वडिलांनाही घशाचा होता, शेवटी त्यांना पाणी गिळता येत नव्हतं. स्वतःचं विचारल्यावर त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. निजामाबादच्या पेठेत एका अडत्याकडे काम मिळालंय, तोलाईच्या काट्यावर. पगार निम्मा आहे. बायकामुलं मिरजेतच राहतील, मुलीची दहावी आहे. उद्या पहाटे निघायचंय.

"आता सौदं न्हाई घेनार," तो म्हणाला. "हातावर भरवसा ऱ्हायला न्हाई माझा. त्या दिवशी म्या काय दाबलं, तेच मला आठवत न्हाई बगा. आधी पक्कं आठवायचं. आता न्हाई."

मी छताकडे बघत होतो. सांगावं असं वाटत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

दस्तगीर जरा पुढे झुकला. त्याचा उजवा हात चादरीखाली आला. कोपरापर्यंत आत गेला आणि माझा दंड हलला म्हणून मला कळलं की त्यानं माझा हात धरलाय. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पेठेत भाव दिल्यावर खरेदीदार असाच थांबतो, असाच बघतो. तो याचसाठी आला होता, माझी परीक्षा घ्यायला, हे माझ्या मनानं पक्कं धरलं. किती बोटं आहेत ते मी शोधायला लागलो. एक असेल, चार असतील, पंजा असेल, काहीच हाती लागेना. कपाळावर घाम आला. दस्तगीर, मला कळत नाही रे, एवढं म्हटलं असतं तरी सुटलो असतो. पण बावीस वर्षांची सवय. हात दिला की आकडा सांगायचा.

"आठ हजार तीनशे," मी म्हणालो.

त्याला आधी काहीच उमगलं नाही.

"म्या भाव न्हाई दिला, अण्णा," तो हळूच म्हणाला. "नुसता हात धरलाय."

त्यानंतर त्याला कळलं. त्याला कळताना मी बघितलं. त्याची नजर माझ्या तोंडावरून खाली उतरली आणि चादरीवर, जिथं आमचे हात होते तिथं, जाऊन थांबली. मला रडू फुटलं. तो मान खाली घालून बसला होता. चादर एकदा हलली. त्यानं माझा हात सोडला की आणखी घट्ट धरला, ते मला कळलं नाही.